वाळूत टाकायचा नांगर

नगरजवळच्या नागापुरात ऑक्टोबर आल्याचं मला आमच्या वेल्डिंगच्या शेडचा पत्रा सांगतो. दहाच्या सुमाराला ऊन चढलं की तो तापून टणकन वाजतो, जरा गप्प बसतो, पुन्हा वाजतो. पावसाळाभर रस्त्याच्या कडेला बसून राहिलेली धूळ उठते. एमआयडीसीच्या फाट्यावरून ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक जायला लागतात. खाली पेट्या, पातेली, सरपण, एखादी शेळी, आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. माझ्या शेजारी काम करणारा दत्ता पाथर्डीकडचा. त्याचे आईवडील याच दिवसांत घराला कुलूप लावून कारखान्याची वाट धरतात. त्या दिवशी संध्याकाळी हात धुताना दत्ता एवढंच म्हणतो, "झाला चालू शीजन."

माझ्याही गावी याच दिवसांत शीजन चालू होतो. तिकडे पाणी निवळतं.

मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागून आमची वाडी आहे. पावसाळ्यात समुद्र चहासारखा गढूळ असतो आणि होड्या झावळ्या पांघरून वाळूवर पालथ्या पडलेल्या असतात. मग नवरात्राच्या आसपास एका सकाळी बघावं तर पाण्याला हिरवा रंग आलेला. दिवाळीपर्यंत ते असं निवळतं की किनाऱ्याजवळ होडीतून वाकलं तर तळाच्या वाळूवरच्या रेघा दिसतात. या पाण्याखाली, किनाऱ्यापासून वल्ह्यानं तासभर आत, आमची आगबोट आहे. ती कुठून आली, कुठे निघाली होती, नीट कोणालाच माहीत नाही. माझ्या आजोबांच्याही आधी कधीतरी वादळात बुडाली, माणसांसकट. वाडीतले लोक तिला नुसतं 'आगबोट' म्हणतात, जसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नाव असलं तरी कोणी नावानं हाक मारत नाही.

पुण्या-मुंबईची माणसं पाठीवर हवेच्या टाक्या बांधून ती बघायला यायला लागली, त्याच सुमाराला मी आठवीतून शाळा सोडली. गणित डोक्यात शिरत नव्हतं आणि होडीवर माणूस हवा होता. माझं काम नांगर टाकायचं.

"नांगर?" इथे आल्यावर मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा दत्ता हसून हसून वाकला होता. "समुद्रात काय बाजरी पेरता का काय रं कोकण्या?"

त्याला मी खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. चार नखांचा लोखंडी आकडा, त्याला हातभर साखळी, पुढे दोरी. होडी उभी करायची तर हा खाली सोडायचा, तो तळाला नखं रोवतो. दत्तानं बघितलं, म्हणाला, "म्हंजी मांजराचा पंजा." मला ते आवडलं नाही. बरोबर होतं म्हणून आवडलं नाही.

वडील गेल्यावर मला बाबीकाकांनी वाढवलं, वडिलांच्या थोरल्या भावानं. ते जन्मभर मासेमारी करत आले. आगबोटीवर मासा भरपूर, त्यामुळे सगळे तिकडे जायचे. पण जाण्याची एक रीत होती आणि ती काकांनी मला दोरी धरता यायच्या आधी शिकवली होती. "आगबोटीवर नांगर टाकूचो नाय. वाळयेत टाकूचो. मगे तीस वाव दोरी सोडूची. वारो होडयेक आपसूक आगबोटीवर आणून उभी करता." दोन्ही हात पसरले की एक वाव. तीस वेळा हात पसरायचे. मी लहानपणी विचारलं होतं, का? काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खाली माणसां निजली आसत. तेंच्या छपरावर लोखंड आपटशीत?"

एवढंच कारण. त्याला मी हसलो नव्हतो, पण पुढे मिशी फुटायच्या वयात विसरलो मात्र.

कारण वाळूत नांगर नेहमी पहिल्या झटक्यात धरत नाही. वारा असला की तो वाळू खरवडत सरकतो. मग वर ओढा, होडी मागे घ्या, पुन्हा टाका. त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. दिवाळीच्या सुट्टीत दिवसाला तीन तीन खेपा असायच्या. लाटेवर डुलून डुलून माणसांना उलट्या व्हायला लागायच्या, कोणी तरी म्हणायचं, अजून किती वेळ? आमच्या होडीचे तांडेल नाना सुकाणू धरून बसलेले असायचे. ते म्हणायचे, "वर टाक रे मेल्या, आगबोटीवर. एका फटक्यात धरता." आणि धरायचा. साखळी खडखडत जायची, खाली ठण्ण असं काही तरी व्हायचं. तो आवाज कानाला येत नाही, तळहातावर दोरीतून येतो. मग होडी खिळा मारल्यासारखी उभी.

सगळ्याच होड्या तसं करायला लागल्या होत्या. प्रत्येकाला आपला एक नांगर म्हणजे काहीच नाही असं वाटायचं. एवढं मोठं जहाज, सगळं लोखंड, त्याला काय होतंय?

गंमत म्हणजे त्या आगबोटीला मी एकदाही बघितलं नव्हतं. पोहता येत होतं, पण टाकी बांधून खाली जाणं हे पैसे देणाऱ्या पाहुण्यांचं. मी ती बघितली त्यांच्या मोबाईलमध्ये. ओलेचिंब होऊन वर आलेली माणसं फळीवर बसून एकमेकांना व्हिडिओ दाखवायची, मी मागून मान लांबवून बघायचो. हिरवा उजेड. त्यात तिरकी पडलेली एक भिंत, तिच्यावर जांभळ्या पंख्यासारखं काही तरी उगवलेलं, पाण्याबरोबर हलणारं. मागच्या बाजूला एक खोली, छप्पर शाबूत, दार नसलेलं दार. आणि त्या दारात एक गोबरा. माणसाच्या लांबीचा मासा, जाड ओठांचा. उंबऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत असायचा. पाहुण्यांना तो फार आवडायचा. मला का कोण जाणे त्याची भीती वाटायची. तो नेहमी कॅमेऱ्याच्या वर, जिथे आमची होडी असेल तिकडे बघत असल्यासारखा दिसायचा.

तो दिवस भाऊबीजेनंतरचा होता, दुसरी खेप. पाहुणे वर आले, पुसून झाले, निघायचं म्हणून मी दोरी ओढायला लागलो तर नांगर येईना. इकडून ओढला, तिकडून ओढला. किनाऱ्यावर तिसऱ्या खेपेची माणसं थांबलेली. नाना म्हणाले, "मोऱ्याक बांध दोरी. इंजिन मारतंय." होडीच्या नाकावरच्या खुंट्याला मी दोरीचे तीन वेढे दिले. इंजिन बोंबललं, होडीचं नाक खाली दबलं, दोरीतून पाणी पिळून निघालं. आणि मग एकदम सुटलं. मी पाठीवर पडलो. एक पाहुणी बाई हसली.

पाण्यातून पहिल्यांदा बुडबुडे आले. खूप, बराच वेळ. खाली कोणी माणूस नव्हता, सगळे वर होते, मी पुन्हा पुन्हा मोजले. मग खालून तांबडं वर आलं. ढगासारखं, सावकाश पसरत. गंजाचं पाणी. एवढ्या वर्षांचा गंज. होडीच्या भोवती समुद्र विटेच्या रंगाचा झाला, आणि पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले.

नांगराच्या एका नखाला दाराच्या चौकटीचा हातभर तुकडा अडकला होता आणि त्या तुकड्यावर तो जांभळा पंखा. हवेत आल्याबरोबर पंखा मिटला. नाना म्हणाले, "टाक परत पाण्यात. कोण इचारल्यान तर आमका ठावक नाय."

मी टाकला.

संध्याकाळी वाडीत बातमी आली. दुसऱ्या होडीबरोबर खाली गेलेल्या पाणबुड्यानं सांगितलं, मागच्या खोलीचं छप्पर बसलं, गोबरा दिसत नाही. काका जाळं विणत बसले होते. त्यांनी सुई खाली ठेवली. सगळ्यांना विचारतात तसंच मलाही विचारलं, "कोणाचो नांगर रे?"

"ठावक नाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वल्ह्यावर घेतलं. इंजिनाची होडी नको म्हणाले, लहान होडीनंच गेलो. आगबोटीच्या जागेच्या अलीकडे त्यांनी होडी थांबवली, नारळ हातात धरला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्यानं होत नाही. एकानं मागायचं आणि बरोबरच्यानं प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा, 'व्हय म्हाराजा'. हुंकार नसेल तर मागणं पोचत नाही. होडीत आम्ही दोघंच होतो.

"बा दर्याच्या राजा म्हाराजा, तुझ्या पोटात जी माणसां निजली आसत, तेंची झोप आमच्यातल्या कोणीतरी मोडल्यान."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण आसात तो आमचोच झिल. तेका समाजलां नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेची चूक पदरात घे, आनि तेका तेच्या घराकडे सुखरूप ठेव रे म्हाराजा."

तिसरा हुंकार माझ्याकडून यायचा होता. काका डोळे मिटून, नारळ धरून थांबले. मागणं अडकून राहिलं होतं. शेवटी मी म्हटलं. नारळ पाण्यात पडला आणि त्याच महिन्यात मी गाव सोडलं.

नगरच्या बाजूला 'व्हय' हा शब्द उठता बसता ऐकू येतो. चहा सांगितला का? व्हय. रॉड आणला का? व्हय. दत्ता तर दर वाक्याच्या शेवटी एक व्हय ठेवतो. पहिलं वर्षभर तो शब्द ऐकला की माझी वेल्डिंगची रेघ वाकडी जायची. अजूनही शेडमधली चेनपुली खाली सोडली, साखळी खडखडत उतरली, की मी आधी तळहाताकडे बघतो.

बापूंनी मला ठेवून घेतलं, त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बापू म्हणजे आमच्या शेडचे मालक, मूळचे पारनेरचे. हातात दाखला नाही, ओळखीचं माणूस नाही, बोली वेगळी. त्यांनी विचारलं, "काय येतं?" मी म्हटलं, गाठी बांधता येतात. ते म्हणाले, "बरं हाय. लोखंडाच्या गाठी शीक." त्यांच्या घरून दुपारची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी येते, त्यात पहिल्या दिवसापासून माझी एक भाकरी जास्त असते. ती कोणी मला दाखवून दिली नाही, नुसती असते. मुळा धरणाचा कटला मासा बाजारात आला की बापूंची बायको, आमच्या वहिनी, मुद्दाम आणायला लावतात, कोकणातलं पोर म्हणून. त्याला मातीचा वास येतो. मी दोनदा मागून खातो.

लोखंड म्हणजे काय ते मला इथे कळलं. जुन्या टाक्या दुरुस्तीला येतात. बाहेरून अंगठ्याएवढा जाड पत्रा, आणि हातोडी मारली की बेकरीतल्या खारीसारखा पदर पदर सुटतो. आत काही उरलेलंच नसतं. रंग आणि सवय, एवढ्यावर उभी असते टाकी. अशा पहिल्या टाकीवर मी हातोडी मारली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एवढं मोठं जहाज, त्याला काय होतंय, असं म्हणायचो आम्ही.

या भाद्रपदात काकांचा फोन आला. वाडीतल्या सगळ्या होडीवाल्यांनी बसून ठरवलं होतं: आगबोटीपासून दूर वाळूत सिमेंटचे दोन ठोकळे सोडायचे, त्यांना साखळी, साखळीला वर तरंगता बोया. येणारी होडी बोयाला दोरी बांधेल, नांगर कोणी टाकायचाच नाही. "पाणबुडो म्हणता, मागचो उरललो भाग एका पत्र्यावर रवलो आसा. ह्या शीजनाक नांगर पडले तर गेलोच. तू लोखंडाचां काम करतंस मां? दोन बोये करून दी."

मी बापूंना विचारलं. ते म्हणाले, "समुद्र काय मी पाह्यला न्हाई. पण लीक टाकी माझ्या शेडातून भाईर जाणार न्हाई, मंग ती पाण्यावर जावो न्हाईतर चुलीवर." उरलेला जाड पत्रा त्यांनी स्वतः काढून दिला. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक रेघ ओढत गेलो. पिंपासारखा गोल, मधून आरपार जाडजूड सळई, सळईच्या दोन्ही टोकांना कड्या. सगळा ताण सळईवर. खाली जस्ताचा एक ठोकळा, म्हणजे खारं पाणी लोखंड सोडून आधी त्याला खाईल.

मग चाचणी. आत हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवायचं. कुठे भोक असेल तर तिथे बुडबुडा येतो. पहिल्या बोयावर खालच्या कडीपाशी आला. मग त्याच्या मागे दुसरा, मग माळच लागली, बारीक, न थांबणारी. मी बघतच राहिलो. शेड होतं, ऊन होतं, पत्रा वाजत होता, आणि मी मात्र तांबड्या पाण्याची वाट बघत उभा होतो.

तो जोड मी कापून पुन्हा केला. बुडबुडा गेला. माझा विश्वास बसेना, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा ग्राइंडर उचलला तेव्हा दत्तानं येऊन बटण बंद केलं.

"लगीन हाय का तुझं त्या टाकीसंगं? चांगला जोड कशापायी कापतो?"

मी त्याला सांगितलं. जे घडलं ते सगळं, तिथेच, ग्राइंडर हातात धरून. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी. दत्तानं मध्ये एकदाही व्हय म्हटलं नाही.

"चुलत्याला ठावं हाय?"

"नाही."

"मंग ही टाकी काय तोंड झाकायला करायलास व्हय रं?" असं म्हणून तो आपल्या मशीनवर गेला. जाता जाता ग्राइंडरची भिंतीतली पीनही उपटून गेला.

बोये टेम्पोत चढले त्या दुपारी मी शेडमागच्या कडुनिंबाखाली उभं राहून काकांना फोन लावला. बोये निघाले म्हणून सांगितलं. ते खूश झाले, दोरी केवढी घ्यावी ते विचारायला लागले. मी म्हटलं, "काका, तो नांगर माझो होतो."

पलीकडे वारा ऐकू येत होता. किनाऱ्यावर असावेत.

"माझ्या होडयेत बसान," ते हळू म्हणाले, "माझ्या गाऱ्हाण्याक हुंकार दिलंस तू."

मग फोन बंद झाला. त्यांनी केला की रेंज गेली, मला कळलं नाही. पाच दिवस फोन आला नाही. मी लावला नाही. हात कामावर, कान खिशात. बापूंनी एकदा विचारलं, घरी बरं आहे ना? मी बरं म्हटलं. टेम्पो पोचला असेल का, कड्या धरतील का, काका पुन्हा कधी बोलतील का, आणि ते आगबोटीचं उरलेलं अंग, एका पत्र्यावर टेकलेलं. हे सगळं एकाच जागी दुखत होतं, वेगळं करता येत नव्हतं.

सहाव्या दिवशी फोन आला. आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती, कामाचा आवाज होता. एक बोया पाण्यात बांधून झाला, म्हणाले. धरलाय. दुसऱ्याचा ठोकळा होडीवर चढवून आणलाय, पण सोडायचा कुठे ते कळत नाही. त्या दिवशी जे मोडलं त्याचे तुकडे दक्षिणेकडे वाळूत पुरले आहेत, पाणबुड्याला वरून दिसत नाहीत. ठोकळा त्यांच्यावर बसला तर उरलंसुरलंही चुरडणार.

"तुझो नांगर खंय पडललो? होडी खंयच्या बाजून ओढली? नीट सांग."

समुद्रावर जागेला पत्ता नसतो. किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत आणायच्या आणि जिथे त्या रेषा एकमेकींना छेदतात ती जागा. मी शेडमध्ये उभा होतो, समोर पत्र्यांची थप्पी होती. डोळे मिटले. म्हटलं, देवळाचा कळस आणि काळ्या खडकाचा उजवा सुळका, एक. खाडीच्या तोंडाचं एकटं माडाचं झाड आणि त्याच्या मागे डोंगराची खाच, दोन. नांगर तिथे. होडीचं नाक नैऋत्येला, इंजिन तसंच मारलं, सुटल्यावर पंधरा वाव पुढे गेलो. म्हणजे तुकडे त्या पट्ट्यात. त्याच्या पूर्वेला वीस वावांवर निव्वळ वाळू आहे, तिथे सोडा.

काकांनी माझं बोलणं होडीतल्या कोणाला तरी ओरडून सांगितलं. इंजिनाचा आवाज बदलला. बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग लांबून कोणी तरी ओरडलं, वाळू आसा, निव्वळ वाळू! काही तरी जड पाण्यात गेलं, आणि माझ्या तळहाताला काहीच लागलं नाही.

काका पुन्हा फोनवर आले.

"सहा वर्सां झाली," ते म्हणाले. "इतकां नीट कसां आठवता तुका?"

"मी थंय रोज जातंय, काका."

त्यांनी घसा खाकरला.

"तर मगे आता एकदा होडयेन ये," ते म्हणाले.